रेने गोसिनी : चित्रांमागचा लेखक

चित्रकथेचें पुस्तक हातीं आलें म्हणजे लहानथोर सर्वजण प्रथम चित्रें पाहतात, आणि पाहून झाल्यावर चित्रकाराचें नांव विचारतात. तें स्वाभाविकच आहे. रेघ डोळ्यांना दिसते. परंतु त्या रेघेनें कोणता प्रसंग उभा करावा, कोणत्या पात्रानें नेमक्या कोणत्या क्षणीं पाय घसरून पडावें आणि पडतां पडतां काय उद्गार काढावा, हें आधीं कोणीतरी बसून ठरविलेलें असतें, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. नाटक पाहून आलेला मनुष्य नाटककाराचें नांव सांगूं शकतो. चित्रकथा वाचून उठलेल्या मनुष्याला तिच्या लेखकाचें नांव विचारलें तर तो बहुधा घोटाळ्यांत पडेल. फ्रान्स आणि बेल्जम हीं तर चित्रकथेचीं माहेरघरें. पण तेथेंहि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याहून निराळी स्थिति नव्हती. ती पुढें पालटली, आणि ज्या थोड्या लोकांच्या खटपटीनें ती पालटली त्यांत रेने गोसिनी हा प्रमुख होय.

हें नांव कोणास अपरिचित वाटलें तरी त्याची कृति तशी नाहीं. रोमन साम्राज्याला दाद न देणाऱ्या एका चिमुकल्या खेड्याच्या गोष्टी, त्यांतील पिवळ्या मिशांचा ठेंगू वीर ॲस्टेरिक्स आणि त्याचा स्थूलकाय मित्र ओबेलिक्स, हे इंग्रजी भाषांतरांच्या द्वारें आपल्याकडील शहरांतल्या पुष्कळ घरांत केव्हांच येऊन बसले आहेत. या वीराच्या पहिल्या चोवीस पुस्तकांचा कथालेखक गोसिनी. मात्र ॲस्टेरिक्स जन्मास आला तेव्हां गोसिनीचें वय तेहतीस वर्षांचें होतें, आणि त्या आधींच्या पंधरा वर्षांत त्यानें जितके धंदे करून पाहिले तितके सामान्य मनुष्य सबंध आयुष्यांतहि करीत नाहीं.

गोसिनीचा जन्म १४ ऑगस्ट १९२६ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील स्तानिस्लास हे मूळचे वॉर्सा शहराचे, रसायनविद्येंतील एंजिनिअर. आई ॲना ही युक्रेनमधील. कुटुंब ज्यू. आईच्या वडिलांचा पॅरिसमध्यें छापखाना होता, तेव्हां शाईचा वास या घराण्याला नवा नव्हता. मुलगा दोन वर्षांचा होतो न होतो तोंच, ज्यू वसाहतकऱ्यांना परदेशीं जमिनी मिळवून देणाऱ्या एका संस्थेच्या कामावर वडिलांची नेमणूक अर्जेंटिनांत झाली आणि सारें बिऱ्हाड ब्वेनोस आयरेस येथें गेलें. तेथील फ्रेंच शाळेंत रेनेचें शिक्षण झालें. बाहेर रस्त्यावर स्पॅनिश, शाळेंत फ्रेंच, घरांत आणखी निराळ्या भाषांचे प्रतिध्वनि. भाषेकडे जरा दूर उभें राहून पाहण्याची संवय त्याला येथेंच लागली असावी. गॉल लोक हे आपले पूर्वज, हा धडा फ्रेंच शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकविला गेलेला आहे. गोसिनीच्या पूर्वजांत गॉल कोणीहि नव्हता. असें असून फ्रेंच लोकांना त्यांच्या गॉल पूर्वजांचें सर्वांत आवडतें रूप याच मनुष्यानें दाखविलें, यांतील गंमत त्याच्या कोणत्याहि कोटीपेक्षां कमी नाहीं.

१९४३ च्या डिसेंबरांत, शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन फार दिवस झाले नव्हते तोंच, वडील मेंदूंतील रक्तस्रावानें एकाएकीं वारले. मुलगा सतरा वर्षांचा. घर चालविण्यासाठीं तो जुने टायर दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यांत हिशेबनिसाच्या हाताखालीं राहिला. तेथून एका जाहिरातसंस्थेंत शिकाऊ चित्रकार झाला. याच काळांत तिकडे युरोपांत आईच्या भावांपैकीं कांहीं जण नाझींच्या हातीं सांपडून आउश्वित्स येथील छावणींत मारले गेले. पुढें गोसिनीनें जन्मभर लोकांना हंसविलें. पण हा इतिहास त्याच्या पाठीशीं होता हें विसरून त्याच्या हास्याचा विचार करतां येत नाहीं. त्याच्या कथांत मारामाऱ्या अनेक. तथापि रोमन सैनिक कितीहि उंच उडाला तरी तो मरत नाहीं, डोळा काळानिळा करून घेऊन पुन्हां छावणींत परत येतो.

१९४५ सालीं आई व मुलगा मामाच्या आश्रयानें न्यूयॉर्कला गेलीं. तेथें एका आयातनिर्यात पेढींत त्यानें दुभाष्याचें काम केलें. १९४६ त सैन्यांत भरती होण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें फ्रान्सला जाऊन फ्रेंच सैन्यांत नोकरी बजावली. आणि तेथें बंदुकीपेक्षां कुंचलाच अधिक वेळ हातीं धरला, कारण पलटणीच्या समारंभांचीं चित्रें व निमंत्रणपत्रिका काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. परत न्यूयॉर्कला आल्यावर मात्र दिवस फार वाईट गेले. चित्रांचें बाड बगलेंत मारून तो दारोदार हिंडे, आणि दारें बंद होत. अशा स्थितींत एका लहानशा चित्रशाळेंत त्याला जागा मिळाली. तेथें त्याच्या शेजारीं बसणारे हार्वी कर्ट्झमन, विल एल्डर, जॅक डेव्हिस हे तरुण पुढें १९५२ त निघालेल्या ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकाचे आधारस्तंभ झाले. कोणत्याहि गंभीर गोष्टीची नक्कल करून तिचा फुगा फोडण्याची त्यांची हातोटी गोसिनीनें जवळून पाहिली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याला तेथें उमगली असावी. या मंडळींच्या रेघेपुढें आपली रेघ फिकी आहे, ही ती गोष्ट. स्वतःच्या गुणांची ओळख पुष्कळांना असते; स्वतःची उणीव वेळींच ओळखून मार्ग बदलणारे थोडे.

बेल्जममधून अमेरिका पाहण्यास आलेले जीजे आणि मॉरिस हे दोन चित्रकार त्याला याच सुमारास भेटले. मॉरिस हा ‘लकी ल्यूक’ या गुराखी वीराचा जनक. त्या वीराचा जन्म १९४६ सालचा. या ओळखींतून ब्रसेल्समधील एका वृत्तचित्रसंस्थेशीं संबंध आला, आणि १९५१ त गोसिनी त्या संस्थेच्या नोकरीवर युरोपांत परतला. संस्थेच्या पॅरिस येथील कचेरींत त्याची गांठ अल्बेर उदेर्झोशीं पडली. उदेर्झो इटालियन मातापित्यांचा मुलगा, गोसिनीहून एका वर्षानें लहान, आणि जन्मतः रंगांध. रंग न ओळखणारा चित्रकार आणि चित्रकला सोडूं पाहणारा चित्रकार यांची ही जोडी जमली ती पंचवीस वर्षें टिकली.

सुरुवातीला पोटासाठीं त्यांनीं काय केलें नाहीं? स्त्रियांच्या एका साप्ताहिकांत समाजांत कसें वागावें, पाहुण्यांस कसें बसवावें, या विषयांवर गोसिनी लिही आणि उदेर्झो त्याला चित्रें काढून देई. त्या काळीं गोसिनी अविवाहित होता आणि आईजवळ राहत होता, हें वाचक स्त्रियांना ठाऊक नव्हतें हें बरेंच झालें. चांच्यांची एक कथा झाली, तांबड्या इंडियनांची एक झाली. १९५५ पासून ‘लकी ल्यूक’ची कथा तो मॉरिससाठीं लिहूं लागला, आणि तें काम अखेरपर्यंत त्यानें सोडलें नाहीं. आपल्या सावलीपेक्षां जलद पिस्तूल झाडणारा तो गुराखी आणि उंचीच्या क्रमानें उभे राहणारे ते चौघे डाल्टन बंधु यांना हल्लींचें विनोदी रूप आलें तें गोसिनीच्या हातून. १९५६ पासून ‘टिनटिन’ साप्ताहिकांतहि तो लिहूं लागला. एकाच वेळीं सहा सात निरनिराळ्या चित्रकारांना दर आठवड्यास पानें पुरविण्याइतका त्याच्या लेखणीला वेग होता.

येथें त्या काळच्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. चित्रकथेचा लेखक असा स्वतंत्र धंदाच मानला जात नसे. साप्ताहिकाला काम हवें तें चित्रकाराचें. लेखकाचें नांव पुष्कळदां छापलेंच जात नसे, आणि कित्येकदां चित्रकारच आपल्या मोबदल्यांतून कांहीं रक्कम काढून लेखकाला देई. मूळ चित्रें, पुनर्मुद्रण, परभाषांतील प्रकाशन यांवर करणाराचा हक्क किती हें कोठें लिहिलेलें नव्हतें. पुन्हां, समाजांत या व्यवसायाला प्रतिष्ठा नव्हती ती नव्हतीच. १९४९ सालीं फ्रान्समध्यें मुलांच्या नियतकालिकांवर देखरेख ठेवण्याचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीं चित्रकथांनीं मुलें बिघडतात हा समज होता. जो माल संशयास्पद मानला जातो त्याच्या कारागिराला हक्क मागतां येणें कठीण.

१९५६ त गोसिनी, उदेर्झो आणि ज्याँ-मिशेल शार्लिए हा दुसरा एक नामांकित कथालेखक यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह एकत्र बसून लेखक व चित्रकार यांच्या हक्कांची एक सनद तयार केली. तींत भयंकर असें कांहीं नव्हतें. आपल्या श्रमाची मालकी आपल्याकडे असावी इतकेंच मागणें होतें. मालकांना ही गोष्ट कळतांच त्यांनीं पुढारी म्हणून गोसिनीला कामावरून दूर केलें. एकाला काढलें म्हणजे बाकीचे वठणीवर येतील असा त्यांचा होरा असावा. तो चुकला. शार्लिए आणि उदेर्झो यांनींहि आपण होऊन ती नोकरी सोडली, आणि तिघांनीं आणखी एका मित्रासह स्वतःची लहानशी संस्था काढली. या प्रसंगाचें मोल पुढील यशाच्या झगमगाटांत सहसा कोणी मोजीत नाहीं. पण तीन मित्रांनीं त्या वेळीं पगाराकडे पाहून मान खालीं घातली असती तर पुढचें कांहींच घडलें नसतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

चित्रकथेचा लेखक करतो तरी काय, हा प्रश्न येथें कोणाच्याहि मनांत येईल. गोसिनीची रीत अशी होती. प्रथम विषयाची कल्पना. मग सबंध कथेचा थोडक्यांत आराखडा. आणि तो चित्रकाराला पसंत पडला म्हणजे पानवार व चौकटवार मांडणी. टाइपरायटरवर तो प्रत्येक चौकट लिहून काढी: तींत काय दिसावें, कोण कोठें उभा आहे, मागें काय चाललें आहे, चेहऱ्यावर भाव कोणता, आणि त्यासोबत पात्रांच्या तोंडाजवळील फुग्यांत घालावयाचे शब्द. ॲस्टेरिक्सची कथा चव्वेचाळीस पानांत बसली पाहिजे. तींत एक पान वाढणार नाहीं कीं घटणार नाहीं. साप्ताहिकांत ती तुकड्यातुकड्यांनीं येणार, म्हणून प्रत्येक पानाच्या अखेरीस वाचकाला आठवडाभर धरून ठेवणारें कांहीं हवें. आणि तींच पानें पुढें पुस्तकांत सलग वाचतां खडखडूं नयेत, हेंहि पाहिलें पाहिजे. फुगा लहान असतो, तेव्हां वाक्य लांबवून चालत नाहीं. चित्रांत जें दिसतें तें शब्दांनीं पुन्हां सांगितलें तर विनोद मेला. सुनीत लिहिणाऱ्या कवीला चौदा ओळींचें बंधन असतें म्हणून आपण त्याचें कौतुक करतों. हें बंधन त्याहून सोपें नाहीं.

परंतु गोसिनी केवळ चित्रांच्या आधारानें उभा राहणारा लेखक होता असें कोणी समजूं नये. ‘लहानगा निकोला’ या नांवानें त्यानें ज्या गोष्टी लिहिल्या त्या वाचल्या म्हणजे ही शंका उरत नाहीं. निकोलाची सुरुवात १९५५ त एका बेल्जियन साप्ताहिकांत चित्रमालेच्या रूपानें झाली, आणि ती मालिका फार चालली नाहीं. पुढें १९५९ सालीं बोर्दोच्या एका वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकासाठीं त्यानें त्याच मुलाला गद्यांत आणलें. चित्रें तेव्हांहि ज्याँ-जाक सांपे याचीं होतीं. पण तीं आतां गोष्टीच्या कडेला उभीं राहिलीं आणि गोष्ट स्वतःच्या पायांवर चालूं लागली.

निकोला हा शाळेंत जाणारा मुलगा. तो आपली हकीकत आपणच सांगतो, आणि मुलें सांगतात तशी: ‘आणि’, ‘मग’, ‘आणि मग’ यांच्या सांखळीनें, श्वास न घेतां. आपण कांहीं विनोदी सांगत आहों याची त्याला गंधवार्ता नाहीं. विनोद आहे तो त्याच्या डोक्यावरून मोठ्या माणसांकडे जाणारा. त्याच्या वर्गांत सदा कांहींतरी खाणारा एक आहे, श्रीमंत बापाचा एक आहे, सर्वांच्या नाकावर ठोसे लगावणारा एक आहे, आणि चष्मा असल्यामुळें ज्याला हवें तेव्हां मारतां येत नाहीं असा पहिला नंबर एक आहे. ज्यांनीं आयुष्य वर्गांत काढलें त्यांना हीं मुलें निराळीं ओळखवून द्यावीं लागत नाहींत. तेथील शिस्तीच्या मास्तरांना मुलांनीं ‘रस्सा’ असें नांव ठेविलें आहे. कारण काय, तर ते सारखे “माझ्या डोळ्यांत पहा” असें म्हणतात. आणि फ्रेंच भाषेंत रश्शावर तरंगणाऱ्या स्निग्ध थेंबांना ‘डोळे’ म्हणतात. हा तर्क थोराच्या डोक्यांतून निघणें शक्य नाहीं. आणि गोसिनी हा तिशी ओलांडलेला मनुष्य तो सहज करून जातो. त्याच्या सर्व लेखनांत शुद्ध साहित्य म्हणून टिकणारें कोणतें असें कोणी विचारलें, तर ॲस्टेरिक्सला बाजूस सारून निकोलाकडे बोट दाखवावेंसें वाटतें. हें मत सर्वांस पटेल असें नाहीं.

निकोलाच्याच एका गोष्टींतून दुसरें एक पात्र निघालें. सुटींतील छावणींत मुलांना दुपारीं झोपविण्यासाठीं त्यांचा पुढारी एक गोष्ट सांगतो. तींत एक भला खलीफ आणि त्याचा दुष्ट वजीर असतो. तोच वजीर १९६२ त ज्याँ ताबारी या चित्रकाराच्या साहाय्यानें स्वतंत्र मालिकेचा नायक झाला. खलीफाला काढून त्याच्या जागीं आपण बसावें या एकाच ध्यासानें तो दर वेळीं नवा कट करतो आणि दर वेळीं स्वतःच खड्ड्यांत पडतो. त्याचें नांव ‘इझ्नोगूद’. एखाद्या फ्रेंच मनुष्यानें इंग्रजीत ‘हा कांहीं चांगला नव्हे’ असें म्हटलें तर जें ऐकूं येईल तेंच हें नांव. मोठ्यानें उच्चारून पहावें.

असो. आतां ॲस्टेरिक्स. १९५९ त ‘पिलोत’ नांवाचें नवें साप्ताहिक काढण्याचें ठरलें, आणि गोसिनी-उदेर्झो यांनीं त्यासाठीं एका जुन्या फ्रेंच कोल्ह्याची कथा घेतली. तोंच कळलें कीं, दुसऱ्या एका चित्रकारानें तिच्यावर आधींच काम केलें आहे. अंक निघण्यास थोडे आठवडे उरलेले. उदेर्झोच्या बोबिन्यी येथील बिऱ्हाडीं दोघे बसले आणि फ्रान्सच्या इतिहासांतील एक एक काळ चाळूं लागले. गॉलांपर्यंत आले आणि तेथेंच थांबले. २९ ऑक्टोबर १९५९ रोजीं पहिला अंक बाहेर पडला. साप्ताहिक लोकप्रिय झालें, तरी पैशाची तंगी अशी कीं पुढील वर्षींच तें दार्गो या प्रकाशकानें नांवाला एक फ्रँक देऊन घेतलें. १९६१ त ॲस्टेरिक्सचें पहिलें पुस्तक निघालें, प्रती सहा हजार. १९६७ त निघालेल्या पुस्तकाच्या प्रती बारा लक्ष छापाव्या लागल्या. १९६५ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सनें आपला पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला, त्याला नांव मिळालें ॲस्टेरिक्सचेंच.

या यशाचें रहस्य एकच सांगतां येणार नाहीं. परंतु त्यांत भाषेचा भाग किती होता हें इंग्रजींतून वाचणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. गॉल राजा व्हेर्सिंजेतोरिक्स याच्या नांवावरून गोसिनीनें सर्व गॉलांच्या नांवांना ‘इक्स’ हा शेवट दिला आणि मग त्यांत फ्रेंच शब्द दडवले. भसाड्या आवाजाच्या ज्या भाटाला मेजवानीच्या वेळीं दोरीनें बांधून ठेवतात त्याचें इंग्रजी नांव कॅकोफोनिक्स. मूळ नांव मात्र ‘सर्व धोक्यांचा विमा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचें केलें आहे. खेड्याभोंवतालच्या रोमन छावण्यांपैकीं एकीचें नांव बाबाओरम. कानाला तें शुद्ध लॅटिन लागतें, आणि असतें रममध्यें भिजविलेल्या केकचें नांव. ब्रिटनच्या सफरीच्या कथेंत तर त्यानें व्याकरणालाच विदूषक केलें. फ्रेंच भाषेंत विशेषण बहुधा नामाच्या मागून येतें, इंग्रजीत आधीं; म्हणून त्या कथेंतील ब्रिटन लोक फ्रेंच बोलतांना विशेषण आधीं घालतात, आणि फ्रेंच वाचक खदखदां हंसतो. अँथिया बेल व डेरेक हॉक्रिज या इंग्रजी भाषांतरकारांनीं अशा ठिकाणीं शब्द सोडून दिले आणि कोटीच्या जागीं कोटी घातली. मूळांतील ‘इदेफिक्स’ हा कुत्रा, म्हणजे डोक्यांत घट्ट बसलेली कल्पना, इंग्रजीत ‘डॉग्मॅटिक्स’ झाला; त्यांत कुत्राहि आला आणि हट्टहि आला. भाषांतर म्हणजे काय हें शिकविण्यास याहून सुबोध उदाहरण मिळणें कठीण.

चेष्टा करतांना त्यानें मित्रालाहि सोडलें नाहीं. शार्लिएची चांच्यांची एक गंभीर वीरकथा त्याच साप्ताहिकांत चालत असे. त्याच चांच्यांचीं हुबेहूब रूपें ॲस्टेरिक्सच्या कथांत शिरलीं आणि दर पुस्तकांत मार खाऊन समुद्रांत बुडूं लागलीं. पुढें पुढें त्याच्या विनोदाला चालू काळाची धार आली. १९७१ च्या एका कथेंत सीझर खेड्याशेजारचें अरण्य तोडून तेथें उंच उंच चाळी बांधवितो आणि जाहिराती देऊन रोमन भाडेकरू आणतो. १९७६ च्या कथेंत एक तरुण रोमन पंडित खेड्यांतील दगड वाटेल त्या भावानें विकत घेऊन सर्वांना पैशाच्या मागें लावतो. अखेर रोममध्यें दगडांचे ढीग पडतात आणि बाजार कोसळतो. त्या पंडिताचा चेहरा तत्कालीन पंतप्रधान जाक शिराक यांचा होता. अर्थशास्त्राचें हें प्रकरण पाठ्यपुस्तकांत नसलें तरी खोटें नाहीं.

१९६३ पासून गोसिनी आणि शार्लिए हे ‘पिलोत’चे संपादक झाले. येथें गोसिनीचा आणखी एक गुण दिसला. स्वतःच्या धाटणीहून अगदीं भिन्न असलेलें, कधीं कधीं आपल्याला न रुचणारेंहि काम तो छापी. काबू, फ्रेद, गोत्लिब, क्लेर ब्रेतेशेर, द्रुइये असे कितीतरी तरुण त्यानें पुढें आणले. गोत्लिबसाठीं तर कांहीं काळ तो स्वतः लिहीत असे. मुलांचें म्हणून निघालेलें साप्ताहिक हळूहळू मोठ्या माणसांचें झालें.

आणि मग १९६८ चा मे महिना आला. विद्यार्थ्यांचा उठाव, कामगारांचा संप, प्रत्येक कचेरींत वरच्याविरुद्ध खालचा. ‘पिलोत’च्या कांहीं चित्रकारांनीं गोसिनीला एका उपाहारगृहांत बोलाविलें. मित्रांची बैठक समजून तो गेला. तेथें गेल्यावर कळलें कीं बैठक न्यायनिवाड्याची आहे आणि आरोपी आपण आहों. मालकांचा हस्तक, सत्ता गाजविणारा, असे आरोप त्याच्यावर झाले; आणि ते करणारांत त्यानेंच हात देऊन वर आणलेले लोक होते. बारा वर्षांपूर्वीं सहकाऱ्यांच्या हक्कांसाठीं ज्यानें नोकरी गमावली त्याला त्याच हक्कांच्या नांवानें जाब द्यावा लागला. त्या तरुणांना जुनी हकीकत ठाऊक नसेल, काळच तसा होता, हें सर्व मान्य करूनहि या वागणुकीचें समर्थन करवत नाहीं. त्यानें साप्ताहिक सोडलें नाहीं. उलट चालू घडामोडींचीं पानें सुरू करून त्या तरुणांना अधिक मोकळीक दिली. पण ती जखम त्याच्या मनांतून गेली नाहीं. १९७२ त गोत्लिब, ब्रेतेशेर व मांद्रिका यांनीं आपलें वेगळें नियतकालिक काढलें, आणि १९७४ त गोसिनीनें संपादकपद सोडलें.

चित्रपटाकडेहि तो वळला, आणि त्यालाहि कारण हक्काचेंच घडलें. १९६७ त ॲस्टेरिक्सच्या पहिल्या कथेचा चित्रपट लेखक व चित्रकार या दोघांना न विचारतां तयार झाला. तो त्यांना मुळींच आवडला नाहीं. पुढच्या वर्षीं क्लिओपात्राच्या कथेवरील चित्रपट दोघांनीं आपल्या देखरेखीखालीं करून घेतला, आणि १९७४ त तर पॅरिसमध्यें स्वतःची चित्रशाळाच उभारली. तिला नांव त्या लहान कुत्र्याचें. तेथें तयार झालेला बारा पराक्रमांचा चित्रपट १९७६ त लागला. त्यांत एका सरकारी कचेरीचा प्रसंग आहे. एक साधा परवाना मिळविण्यासाठीं ॲस्टेरिक्स व ओबेलिक्स या खिडकीवरून त्या खिडकीवर, खालून वर आणि वरून खालीं हिंडतात, आणि जादूचा काढा असूनहि तेथें बळ चालत नाहीं. ज्यानें म्हणून कचेरीचा उंबरठा झिजविला आहे त्याला तो प्रसंग समजण्यास फ्रेंच येण्याची गरज नाहीं.

५ नोव्हेंबर १९७७ रोजीं, हृदयाची तपासणी चालू असतांना, वैद्याच्या देखत गोसिनी कोसळला आणि गतप्राण झाला. वय एक्कावन्न. घरीं पत्नी आणि नऊ वर्षांची एकुलती मुलगी ॲन. त्या वेळीं प्रकाशकाशीं त्याचा तंटा चालू होता, आणि बेल्जमच्या सफरीची नवी कथा उदेर्झोच्या टेबलावर अर्धवट पडली होती. लेखन पुरें झालेलें होतें, चित्रें व्हावयाचीं होतीं. उदेर्झोनें तीं कशीबशीं पुरीं केलीं, आणि तें पुस्तक १९७९ त निघालें. लेखक गेला त्या पानापासून पुढें चित्रांतील आकाश काळवंडलेलें आहे आणि पाऊस पडतो आहे. कथेंत पावसाचें कारण नाहीं. त्याचा कोठें उल्लेखहि नाहीं.

मृत्यूनंतर फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथांच्या वार्षिक उत्सवांत कथालेखकांसाठीं गोसिनीच्या नांवाचें पारितोषिक सुरू झालें. वर्तमानपत्रांतच राहून गेलेल्या निकोलाच्या ऐंशी गोष्टी कन्या ॲन हिनें २००४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. उदेर्झोनें ॲस्टेरिक्सच्या पुढच्या कथा स्वतःच लिहिल्या आणि स्वतःच काढल्या. तो २०२० सालीं वारला. एकट्यानें केलेल्या त्या पुस्तकांच्या वेष्टनावरहि त्यानें पूर्वीप्रमाणेंच दोन नांवें ठेवलीं, आणि त्यांत पहिलें नांव गोसिनीचें राहूं दिलें.